चौदावा रकाना

४ मार्च

दादा,

नमस्कार शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. फोन करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि आज मला सगळी वाक्यं पूर्ण करायची आहेत.

डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक असायचे. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. यंत्र सुरू झालं की ते खोलीभर ऐकू जाईल असं, पुढचा थांबा चार तासांनी, म्हणायचे. नोव्हेंबरपासून ते दिसेनासे झाले. आमच्या खोलीत कुणी यायचं थांबलं की विचारायचं नाही, हा न बोललेला नियम आहे. परवा सोमवारी ते दारात उभे. गाल भरलेले, पायात कडक बूट, नर्सला भेटायला आलेले. किडनी मिळाली म्हणाले. मला खरंच आनंद झाला. मग नळीतून फिरणाऱ्या माझ्याच रक्ताकडे बघत पडले असताना हिशोब सुचला. रक्तगट आमचा एकच. यादीत नाव माझं दीड वर्ष आधी. मग त्यांना आधी कशी?

मी सरळ विचारलं. काका ओशाळले. म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात ना. दात्याची किडनी शेवटच्या आजारात मार खाल्लेली होती, ती तुम्हाला चालत नाही असं कळलं. मला तर तुमचे आभार मानायचे होते, पण म्हटलं बाई चोखंदळ दिसतात."

मी चोखंदळ. तुझे कोपरं झिजलेले स्वेटर नववीपर्यंत घालणारी मी.

प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंच्या टेबलाशी जाऊन मी फाईल मागितली. त्या टाळत होत्या. मी खुर्ची ओढून बसले. तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वीचा अर्ज निघाला. चौदावा रकाना: दात्याच्या किडनीला शेवटच्या आजारात इजा झालेली असल्यास स्वीकाराल का? 'नाही'च्या चौकटीत खूण. ती लांब शेपटीची खूण मी झोपेतही ओळखेन, कारण कारखान्यात बाद खोक्यांवर तू तीच मारतोस. खाली तुझी सही. 'रुग्णातर्फे, भाऊ.'

बावीस वर्षं मी सरकारी कचेरीत अर्जांच्या खिडकीशी बसते. दिवसातून तीसदा एकच वाक्य म्हणते, अर्जदाराने स्वतः भरावा. नवऱ्यांनी भरलेले बायकांचे अर्ज परत पाठवलेत, मुलांनी भरलेले म्हाताऱ्यांचे पाठवलेत, एकदा तर माझ्या साहेबांच्या मेव्हण्याचाही पाठवला. आणि माझ्या स्वतःच्या जिवाचा अर्ज दुसऱ्याच्या हातचा निघावा.

बाईंनी नोंदी बघून सांगितलं, चारदा माझा नंबर लागत होता. चारदा चौदाव्या रकान्यामुळे मला वगळलं. दोन किडन्या माझ्या मागच्या माणसांना गेल्या, त्यातले एक ड्रायव्हरकाका. उरलेल्या दोन सगळ्यांनीच नाकारल्या. मी विचारलं, मग त्यांचं काय झालं? बाई फाईलची दोरी बांधत म्हणाल्या, काहीच नाही.

दादा, कुणी विचारलं होतं तुला?

राग उतरलेला नाही, तेव्हा नमस्कार राहू दे.

ठकू


१२ मार्च

प्रिय ठकू,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने आधी वाचलं आणि न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तिला काय वाटलं ते त्यातच आलं.

कुणी विचारलं होतं म्हणतेस. त्यांनीच विचारलं. आठवत नसेल तुला, कारण तुला तेव्हा काहीच कळत नव्हतं. मानेत नळी घातलेली, ओठ पांढरे, मला बाबा समजून हाक मारत होतीस. एक मुलगी बावीस रकान्यांचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, हे आजच भरून द्या. मी काय म्हणायला हवं होतं? ती शुद्धीवर येईपर्यंत थांबा? तू शुद्धीवर येशील की नाही हेच मला माहीत नव्हतं.

आणि त्या रकान्यात काय लिहिलं होतं ते तूच उतरवून पाठवलंयस. इजा झालेली किडनी. मी चौतीस वर्षं कपबश्या वाजवून बघतो. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप डाव्या हातात धरायचा आणि उजव्या बोटाने कडेला टिचकी मारायची. चांगला कप वाजतो, तडा गेलेला थपकन बोलतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण आवाज लपत नाही. असा कप परत भट्टीत घातला तरी सांधत नाही, आणखी फाकतो. तो बाजूला काढणं हे माझं काम आहे, त्याची मला लाज नाही. तुझ्या पोटात तडा गेलेला माल घालायला मी हो म्हणणार होतो का?

आणखी एक सांगतो, रागावलीस तर आणखी रागाव. तुझ्या वाट्याला सगळं माझं जुनं आलं. स्वेटर, चपला, दप्तर, माझं नाव खोडून तुझं लिहिलेली पुस्तकं. तू चौथीत असताना त्या दप्तराचा बंद शाळेच्या दारात तुटला आणि पोरं हसली. तू रडली नाहीस, दप्तर छातीशी धरून आत गेलीस. मी मागे उभा होतो. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, हिला एकदा तरी कुणी न वापरलेलं, धडधाकट काही मिळू दे. तो कागद समोर आला तेव्हा मला ते दप्तर आठवलं. हा गुन्हा असेल तर आहे.

चार फोन आले नाहीत हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. चांगली किडनी येईल. धीर धर.

तुझा,
दादा


२१ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून मी रडले. दप्तराचं तुला आठवतं हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस तुला माफ केलं होतं.

तिसऱ्या दिवशी अर्ज बदलायला गेले. बाईंनी जुन्या नोंदींची वही उघडली. गेल्या वर्षी, सतरा ऑगस्ट. दाता तरुण, किडनीचा तुकडा तपासून अहवाल चांगला आलेला. म्हणून बाईंनी रकाना बाजूला ठेवून एकदा विचारून बघावं म्हटलं. अर्जावर संपर्काचा नंबर तुझा. वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'भावाशी बोलणे झाले. नको म्हणतात. रुग्णास कळवू नये, उगाच काळजी करेल, अशी विनंती.'

आणि तू लिहितोस, तुझ्या पत्रातूनच कळलं.

सतरा ऑगस्टला मी कुठे होते ठाऊक आहे? फुप्फुसात पाणी भरलं म्हणून त्याच इमारतीत, दोन मजले वर, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून बसवलेली होते. आडवं होता येत नव्हतं. तू दुपारी भेटायला आलास, माझे पाय चेपलेस, उशी सारखी केलीस आणि गेलास. फोन सकाळी आला होता. ती किडनी त्या दिवशी कुणीच घेतली नाही, दादा. ती त्या दोनांतली एक.

दप्तराचा बंद तुटला तो तुझ्यामुळे नाही. पण हे तुझ्यामुळे.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं की इजा म्हणजे नक्की काय. ते म्हणाले, माणूस शेवटी अतिदक्षता विभागात असतो, रक्तदाब पडतो, औषधांचा मारा होतो, किडनी काम टाकते. रक्ताचे आकडे भयंकर दिसतात. पण आधीची किडनी निरोगी असेल आणि आत जुने व्रण नसतील तर ती मेलेली नसते. पाय बधिर होतो तशी असते. नव्या शरीरात आठवडा, दोन आठवडे, कधी जास्त गप्प बसते, तेवढे दिवस डायलिसिस चालू ठेवायचं, आणि बहुतेकदा जागी होते. पुढे इतर किडन्यांइतकीच चालते असं त्यांच्या अनुभवात आहे. मी विचारलं, आणि जागी झालीच नाही तर? ते म्हणाले, तसंही होतं, कमी वेळा. हे त्यांनी लपवलं नाही, तू लपवलंस.

मलाही भीती वाटते. पण भीती माझी आहे, निर्णयही माझाच असायला हवा होता. चौदाव्या रकान्यात मी 'हो' केलंय. संपर्काचा नंबर आता माझ्या खिडकीचा आहे. मी लिहीपर्यंत लिहू नकोस.

ठकू


२ एप्रिल

ठकू,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितोय. मी मोठा आहे, एवढा हक्क अजून शिल्लक असेल असं धरून चालतो.

फोन आला होता. तेव्हा मी पाळीवर होतो, एका हातात कप. बाई म्हणाल्या, दात्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, सहाच्या वर आहे. तुझं सव्वासात होतं तेव्हा तू मला बाबा म्हणत होतीस. म्हणजे तुझ्याच आजाराची किडनी तुला बसवायची, एवढंच मला समजलं. मी नको म्हटलं. मग तो कप खाली ठेवला आणि तुला भेटायला निघालो. तुझ्याकडे बघितल्यावर सांगायचं धाडस झालं नाही. आता खोटं का लिहिलंस विचारशील, तर धाडस तेव्हापासून परत आलंच नाही.

पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही. डॉक्टरांना शस्त्रक्रिया करायच्या असतात, तुला सहन करायचं असतं. पोट फाडून घ्यायचं, दहा औषधं गिळायची आणि मग वाट बघायची, कधी जागी होते. नाही झाली तर आहे ती ताकदही गेली. आई असती तर तिने तुला हे करू दिलं नसतं. रकाना परत बदल. मी हात जोडून सांगतो. नाही बदललास तर पुढे जे होईल त्यात मला धरू नकोस.

दादा


९ मे

दादा,

तुला धरलेलं नाही. सही एकटीची आहे.

अठ्ठावीस एप्रिलला सकाळी सव्वाअकराला फोन आला. समोर रांग होती. एक बाई मुलाचा अर्ज घेऊन भांडत होत्या, त्यांना मी तेवढ्यात स्वतः भरावा म्हटलं आणि रिसीव्हर उचलला. दाता पंचेचाळीस वर्षांचा, उंचावरून पडलेला, तीन दिवस अतिदक्षता विभागात. नाव सांगत नाहीत. स्नायू चेचले की त्यांचा गाळ किडनीत अडकतो, म्हणून तिने काम टाकलेलं. क्रिएटिनिन पाच पूर्णांक आठ. तुकड्याच्या तपासणीत जुने व्रण नाहीत. विचार करायला अर्धा तास देते, बाई म्हणाल्या. मी खिडकी बंद केली, शिक्के कुलपात ठेवले आणि चौथ्या मिनिटाला हो म्हणून टाकलं.

आज अकरावा दिवस. काही नाही.

तुला नीट सांगते, म्हणजे तुला कल्पना करावी लागणार नाही. दोन वर्षं झाली, मला लघवीच होत नव्हती. आता न्हाणीघरात माझ्या नावाचं मोजमापाचं भांडं आहे, बाजूला आकडे छापलेलं. रोज सकाळी नर्स येते, ते उचलून बघते आणि पालथं घालते. कोरडं. मग मला खाली नेऊन त्याच जुन्या यंत्राला जोडतात. तीच खोली, तीच खुर्ची, वर पोटाला सव्वीस टाके. शेजारच्या खुर्चीवर आता एक शिंपीणबाई आहेत. त्यांनी विचारलं, किडनी बसवली ना, मग परत इथे? मी त्यांच्यावर इतकी डाफरले की नर्स धावत आली. नंतर माफी मागितली.

मला राग येतोय. तुझा, त्या मुलीचा जिने बेशुद्ध बाईच्या भावाकडून बावीस रकाने भरून घेतले आणि पुन्हा कधी विचारलं नाही, या माझ्या पोटातल्या गप्प बसलेल्या वस्तूचा. आणि सगळ्यात जास्त याचा की मी पालथ्या भांड्याकडे बघते तेव्हा मला तुझी टिचकी ऐकू येते.

तुझं बरोबर निघालं तर ते सांगायला येऊ नकोस. वहिनीलाही फोन करू देऊ नकोस.

ठकू


१५ मे

ठकू,

~~मी म्हणालो होतो~~

वरचं खोडलेलं वाच किंवा वाचू नकोस. दुसरा कागद घेणार होतो, पण तुझ्यापासून लपवणं आता पुरे झालं.

मी आलो होतो. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. तू झोपली होतीस. दाराच्या काचेतून बघितलं. तू किती लहान दिसतेस पलंगावर. न्हाणीघराचं दार उघडं होतं, भांडं खिडकीच्या कट्ट्यावर पालथं होतं. ते मी बराच वेळ बघत राहिलो. नर्सने विचारलं, आत जायचंय का. मी म्हटलं, तिने बोलावलेलं नाही.

जाता जाता तिला विचारलं, किती दिवस वाट बघतात? ती म्हणाली, महिनासुद्धा बघितलाय. मी विचारलं, तोवर काय करता? म्हणाली, काही नाही, सांभाळतो. मला तिचा राग आला. चौतीस वर्षांत मी एकाही कपाला अर्ध्या मिनिटाहून जास्त दिलेला नाही, म्हणून आला असेल.

आपल्या दोघांतलं कोण बरोबर ते मला ठरवायचं नाही. मी चुकीचा ठरलो तर बरं होईल. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा खाडाखोड न करता पाठवतो.

दादा


२९ मे

दादा,

सोळाव्या दिवशी, चौदा मेला, भांड्यात चाळीस मिलिलिटर. अर्धा कपसुद्धा नाही. रंग गढूळ. नर्सने ते खिडकीपाशी नेलं, आकडा वाचला आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या नर्सला हाक मारली. दोघीजणी माझ्या लघवीकडे बघत उभ्या. मग त्यांच्यातली थोरली डोळे पुसत म्हणाली, थांबा, नोंद करते.

दुसऱ्या दिवशी एकशे दहा, त्याच्या पुढच्या दिवशी सहाशे, आणि शेवटी भांडं पुरेना. डायलिसिस अठरा तारखेला थांबलं. क्रिएटिनिन काल एक पूर्णांक चार, जवळपास निरोगी माणसाइतकं. म्हणजे तू पत्र लिहायला बसलास त्याच्या आदल्या दिवशीच ती जागी झाली होती. तुला लगेच कळवलं नाही. मुद्दाम नाही कळवलं. निदान पंधरा दिवस तुला माझ्यासारखं वाट बघत बसायला लावायचं होतं. फार मोठं काम केलं असं नाही, पण केलं.

बऱ्या झालेल्या माणसाने शांत व्हावं असं सगळ्यांना वाटतं. मला तर आता ताकद आल्यावर राग नीट करता येतोय. त्या दोन किडन्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. कुणीतरी आपलं माणूस गमावल्याच्या दिवशी त्या देऊ केल्या होत्या. आपण सगळ्यांनी त्यांना थपकन आवाज येतो म्हणून बाजूला काढलं. समन्वयक बाईंच्या टेबलाशी रोज जाऊन बसते. त्या कंटाळल्या, पण अर्ज बदलला. आता वर ठळक छापलंय: रुग्णाने स्वतः भरावा, शुद्धीत नसल्यास शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारावे. चौदाव्या रकान्याशेजारी डॉक्टरांनी समजावून सांगितल्याची सही लागते. वाक्यरचना माझी आहे, त्यात बावीस वर्षांचा अनुभव आहे.

तुझी माफी मला नको. तुझ्या हातचं एक काम हवं आहे. तुझ्या गावच्या रुग्णालयात अवयवदानाच्या अर्जाची खिडकी असेल. तिथे जा, रांगेत उभा राहा आणि तुझ्या नावाचा अर्ज भर. स्वतः. मग लिही.

ठकू


२० जून

प्रिय ठकू,

गेलो. चष्मा घरी विसरला होता. तुझी वहिनी बरोबर होती, म्हणाली द्या इकडे, मी भरते. मी म्हटलं, अर्जदाराने स्वतः भरावा. ती हसली. मग घरी जाऊन चष्मा घेऊन परत येऊन भरला.

खिडकीवरचा कारकून तरुण होता, तुझ्याइतकाच खडूस. वय विचारलं, एकसष्ट. रक्तदाब? आहे, दहा वर्षं. गोळ्या? दोन. साखर? काठावर. मागचे आजार? एकदा मूतखडा. तो लिहीत होता आणि मला घाम फुटत होता. चौतीस वर्षं मी टेबलाच्या एका बाजूला बसलो, ठकू. कप काय ऐकत असेल ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या हातात मी आलो असतो तर शेपटीची खूण मारून खोक्यात टाकलं असतं.

मी त्याला विचारलं, "हे असलं कुणी घेईल का?"

त्याने मान वर न करता सांगितलं, "ते घेणारा ठरवेल. तुम्ही फक्त तुमचं भरा."

बाहेर येऊन बाकावर बसलो. तुझी वहिनी शेजारी बसून राहिली. मला सतरा ऑगस्टचा तो तरुण माणूस आठवत होता, ज्याला मी कधी पाहिलं नाही. त्याच्याही घरचं कुणीतरी असंच बाकावर बसलं असेल, निदान किडनी तरी कुणाच्या उपयोगी पडली असं समजून. तिथे 'नको' म्हणणारा मी होतो. याची माफी तुझ्याकडे मागून होणार नाही, हे मला कळलंय. कुणाकडे मागायची ते कळलेलं नाही.

पोच म्हणून अर्जाची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. तपासून घे.

तुझा,
दादा


१ जुलै

प्रिय दादा,

पोच तपासली. सातव्या रकान्यात तारीख लिहायची राहिली आहे आणि सही रेषेच्या खाली गेली आहे. माझ्या खिडकीवर आला असतास तर अर्ज परत पाठवला असता. जाऊन दुरुस्त कर.

राग आहे. बहुधा राहील. सतरा ऑगस्टला दर वर्षी वर येईल, तेव्हा तू सांभाळून घे. पण कालपासून कामावर जायला लागले आहे, संध्याकाळी घरी चालत येते, वाटेत तीन वेळा स्वच्छतागृह शोधावं लागतं आणि तिन्ही वेळा मला हसू येतं. ये एकदा भेटायला. बोलावते आहे, म्हणजे काचेतून बघून परत जायचं नाही.

मार्चपासून राहिलेला नमस्कार.

तुझी,
ठकू